पायावरची आंघोळ

आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना पहिले काही महिने माझ्या सासूनं पायावर घेऊन आंघोळ घातली आहे. सासूला मी आत्या म्हणायचे. कुणाच्या घरी बाळंतीण आली की बोलावणं यायचं आणि आत्या लुगडं सावरत निघायच्या. न्हाणीत पाटावर बसायचं, लुगडं गुडघ्याच्या वर खोचायचं, पाय लांब करायचे, त्यावर पोर पालथं घालायचं. मग तेल, डाळीचं पीठ आणि कढत पाण्याचे तांबे. पहिला तांब्या मात्र स्वतःच्या नडगीवर. नडगीला सोसलं तर पोराला सोसतं, एवढंच त्यांचं शास्त्र. कसलंही रडकं पोर त्यांच्या पायांवर आलं की गप्प व्हायचं. मला याचा मनातून राग यायचा, कारण माझी लेक माझ्याकडं गप्प होत नसे.

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या एक-दोन वर्षांतली. मी मुरगूडची, शिकलेली, आणि शिकलेपण जरा जास्तच मिरवणारी. कोल्हापुरात पेठेतल्या एका शाळेत तात्पुरती शिक्षिका होते. नवरा बिद्रीच्या साखर कारखान्यावर कारकून. तो शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचा. मधले पाच दिवस दोन खोल्यांच्या त्या भाड्याच्या घरात आम्ही तिघी, मी, आत्या आणि लेक. लेक चार महिन्यांची झाल्यावर मी पुन्हा शाळेत जायला लागले. साडेदहा ते साडेपाच ती आत्यांच्या ताब्यात. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस बाई, असली सासू घरात. मलाही तसंच वाटायचं.

पावसाळा सरत आला होता त्या सुमाराची एक संध्याकाळ मला लख्ख आठवते. शाळेतून आले तर लेक रडून रडून हुंदके देत होती आणि आत्या तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर दुधाचं पातेलं झाकलेलं, वाटी आणि चमचा मांडून ठेवलेला. दुधावर जाड साय धरली होती. म्हणजे दुपारपासून कुणी हात लावला नव्हता.

"आत्या, दूध पाजलं नाही?"

"पाजतो की," त्या म्हणाल्या. आमच्याकडं जुन्या बायकाही मी करतो, मी जातो, असंच बोलतात. पाजतो म्हणाल्या आणि बसून राहिल्या. चेहऱ्यावर राग नाही, दुखणं नाही, काही नाही. मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण मी ती हाकलून लावली, कारण तेवढ्यात शेजारच्या अक्का आल्या.

अक्का गडहिंग्लजकडच्या, लिंगायत. घरात कन्नड बोलायच्या आणि आमच्याशी मराठी, दोन्ही सारख्याच मोठ्या आवाजात. त्या दारातून ओरडल्या, "काकी, माझ्या नातवाचं पोट गच्च झालंय बघा की!" आणि आत्या उठल्या. अशा उठल्या की मी बघतच राहिले. ओवा काढला, हिंग उगाळला, शेजारी गेल्या, पोराच्या बेंबीभोवती हिंग लावून आल्या, आणि वर अक्कांच्या सुनेला पोर कसं धरायचं ते चार शब्द सुनावूनही आल्या. आल्या आणि परत भिंतीला टेकल्या. दूध मीच पाजलं.

आता कुठल्याही सुनेला विचारा, ती याचा काय अर्थ लावेल? परक्याचं पोर म्हटलं की पायाला चाकं आणि सुनेचं पोर म्हटलं की पायात बेड्या! अंगाचा तिळपापड झाला माझा. मी ठरवून टाकलं की आत्या रुसल्या आहेत. माझ्या नोकरीवर रुसल्या आहेत, आणि हे सगळं मला शाळा सोडायला लावायचं नाटक आहे.

एकदा असं ठरवलं की पुरावे गोळा व्हायला वेळ लागत नाही. शनिवारी दुपारपासूनच आत्यांच्या हालचाली बदलायच्या. अंबाडा नीट घालायच्या, आपल्या लेकाला आवडतो म्हणून झुणका करायच्या, भाकऱ्या थापायच्या तर अशा की पापुद्रा टम्म फुगलेला. रविवारभर हसणं-बोलणं. नवऱ्याला मी काही सांगायला गेले की तो म्हणायचा, "अगं, आईला काय धाड भरलीय? चांगली हिंडतीय की. तुझ्याच डोक्यात कायतरी हाय." आणि सोमवार उजाडला, तो गेला, की आत्या भिंतीला. विळीवर बसल्या की भाजी हातात धरून बसायच्या. तांदळाचं सूप मांडीवर घेऊन बसायच्या. विचारलं की उत्तर ठरलेलं, करतो की.

डॉक्टरकडं मी एकदा घेऊन गेले. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले. आत्यांनी उलट डॉक्टरांच्याच गावाची, आईबापांची चौकशी केली, शेवटी सोयरीकही काढली. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, जरा मन रमेल असं बघा. घरी येताना माझा पारा चढलेला होता. मी आत्यांशी एक शब्द बोलले नाही, आणि त्यांनीही मला का म्हणून विचारलं नाही. पूर्वीच्या आत्यांनी विचारलं असतं. भांडल्या असत्या.

लेकीला अक्कांकडं ठेवता आलं असतं. अक्का दोनदा म्हणाल्याही. पण घरात धडधाकट सासू असताना पोर शेजारी ठेवायचं म्हणजे गल्लीभर बभ्रा. नवऱ्याला काय सांगायचं? शाळेत काय सांगायचं? माझी कायम होण्याची ऑर्डर त्या वर्षाअखेरीस व्हायची होती. रजा घेतली की तात्पुरत्या बाईचं नाव पुसायला कितीसा वेळ लागतो? तेव्हा पोर घरातच राहिलं पाहिजे आणि आत्या हलल्या पाहिजेत, एवढं एकच मला दिसत होतं.

मग मला एक युक्ती सापडली, खरं तर अपघातानंच. एका सकाळी मी चिडून लसणाचा एक गड्डा त्यांच्यासमोर फोडला, तीन पाकळ्या स्वतः सोलल्या आणि चौथी त्यांच्या हातात कोंबली. आणि त्या सोलायला लागल्या. भराभर, पूर्वीसारख्या. तेव्हा मला कळलं की आत्यांना काम येत नाही असं नाही, त्यांना फक्त कामाला लागता येत नाही. सुरुवात दुसऱ्यानं करून दिली की हात आपले आपण पुढं जातात. आणि सगळ्यात मोठी सुरुवात म्हणजे लेकीची आंघोळ. सकाळी पोर पायांवर आलं आणि चार तांबे पडले की आत्यांचा दिवस जागा व्हायचा. मग त्या पोराला धुरी देणार, दुपटं घालणार, दूध पाजणार, दुपारी अक्कांना हाक मारणार. आंघोळ चुकली की तो सगळा दिवस भिंतीला.

म्हणून मी रोज सकाळी आंघोळीची मांडामांड करायला लागले. पाट मांडायचा, पाणी काढायचं, आत्यांना हाताला धरून बसवायचं, "तुमच्यासारखी आंघोळ कुणाला जमते?" असं म्हणायचं. शाळेत ढ पोराला फळ्यापाशी बोलवताना जो गोड आवाज काढतो ना, तो आवाज. त्या खुलायच्या, आणि माझं काम व्हायचं. मला वाटायचं, मी जिंकले.

एकदाच जरा धसका बसला. चटणीचे दिवस तोंडावर आले होते. वर्षाच्या चटणीसाठी आणलेल्या लसणाच्या जुड्या माळ्यावर टांगल्या होत्या. एका सकाळी मी नेहमीप्रमाणं एक गड्डा फोडून देऊन गेले. संध्याकाळी आले तर घरभर वास, जमिनीवर टरफलांचा ढीग आणि सगळ्या जुड्या सोललेल्या. आत्यांच्या बोटांची सालं निघाली होती. लेक एका कोपऱ्यात ओल्या दुपट्यात झोपली होती. "थांबायचं न्हाय का आत्या?" मी ओरडले. त्या हातातली पाकळी सोलता सोलता म्हणाल्या, "तूच तर दिलतीस की." मी त्यांच्या हातातून ती पाकळी अक्षरशः ओढून घेतली. चालू करून दिलेलं काम त्यांना थांबवताही येत नाही, हे मी त्या दिवशी बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत पाट मांडला. नोकरीचा लोभ आणि सुनेचा ताठा एकत्र आले की डोळ्यांवर कसली पट्टी बसते ते मला विचारा.

शाळेची तपासणी सोमवारी आली. नेमकी सोमवारी. साहेब येणार म्हणून नऊलाच हजर व्हायचं होतं. नवरा पहाटे गेलेला. आत्या अंथरुणावर उठून बसल्या होत्या, नुसत्याच. मी बंब पेटवला, बादलीभर कढत पाणी काढलं. गार पाणी रात्रीचं होतं ते पहाटे दुपटी धुण्यात संपलेलं. पण साडेआठला नळ यायचाच. मी दुसरी बादली नळाखाली ठेवली, चावी सोडली. नळ घुरघुरला, थोडं पाणी थुंकला. मला वाटलं, आलंच.

"आत्या, चला."

त्या हलल्या नाहीत. मी गोड आवाज काढला. नाही. घड्याळात बघितलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांना दंडाला धरून उठवलं, न्हाणीत नेलं, पाटावर बसवलं, त्यांचं लुगडं मीच वर खोचलं. लेकीला त्यांच्या पायांवर पालथं घातलं, तांब्या हातात दिला. "नळ आला की गार पाण्याचं विसण घाला आणि घाला आंघोळ. पुरे झाली नाटकं. दावायला कुणी न्हाय आज घरात." असं बोलले मी. सासूला. आणि चपला घालून निघाले.

गल्लीच्या टोकाला सार्वजनिक नळावर बायकांची गर्दी होती. अक्का रिकामी घागर पालथी घालून तीवर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आज पाणी न्हाय येत म्हणं. वर कुठं पाईप फुटलाय."

मला आधी ते नीट पोचलंच नाही. चार पावलं पुढं गेले आणि मग डोळ्यांसमोर ती बादली आली, कढत पाण्याची, वाफा येणारी, आणि शेजारची रिकामी. आणि तांब्या, जो मीच हातात दिला होता. आत्यांना कामाला लावून आले होते मी. आत्या एकदा लागल्या की थांबत नाहीत. किती वेळ झाला होता? दोन मिनिटं? पाच? मी पळाले. साडी पायात येत होती, एक चप्पल गटारात गेली, पळाले. गल्लीतल्या बायका हाका मारत होत्या. घरातून लेकीचा आवाज येतोय का ते मी पळतानाच ऐकत होते, आणि आवाज येत नव्हता.

न्हाणीत वाफ भरली होती. आत्या पाटावर तशाच बसल्या होत्या. लेक त्यांच्या पायांवर पालथी, कोरडी, पाटाची कड चोखत पडलेली. आत्यांचा डावा हात तिच्या पाठीवर पसरलेला. उजव्या हातात भरलेला तांब्या, हवेत धरलेला. त्यांच्या उजव्या नडगीवर वीतभर कातडी लाल होऊन सुटली होती आणि फोड वर येत होते.

मी तांब्या घेतला, लेकीला उचललं. ती हसली माझ्याकडं बघून. मी ओल्या फरशीवरच बसले. "आत्या, हाका का नाही मारल्या? उठला का नाहीत?"

 त्या हळू आवाजात, लहान पोरगी चूक कबूल करते तसं म्हणाल्या, "कढत लागलं. मग फुडं काय घालायचं ते आठवंना. मला कळंना झालं की मी बसतो. उगंच कायतरी करण्यापरास बसल्यालं बरं."

इतके महिने ज्या बसण्याला मी रुसवा म्हणत होते, ढोंग म्हणत होते, ते हे होतं. मी गोड बोलून, ढकलून, हात धरून त्यांना ज्यातून रोज उठवत होते, ते हे होतं. त्या सकाळी त्यांचं मन लागलं असतं, माझी युक्ती चालली असती, तर माझी लेक उरली नसती. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले. अक्का घागर टाकून धावत आल्या होत्या. घरात दुसरं काही नव्हतं म्हणून मी दौतीतली निळी शाई त्यांच्या नडगीवर ओतली. तेव्हा भाजल्यावर शाईच लावायचे. शाई लावताना आत्यांनी वाकून बघितलं आणि मला विचारलं, "ह्या पायाला काय झालं गं? कवा भाजलं?"

शाळेत मी त्या दिवशी गेले नाही, आणि आठवडाभर नाही. नवऱ्याला कळवलं नाही. सांगितलं तर त्याला पटणार नाही हे माहीत होतं.

शनिवारी तो आला. आत्या दारापर्यंत लंगडत गेल्या. पायाला काय झालं असं त्यानं विचारलं, तर म्हणाल्या, "काय न्हाय रं, सुनबाईनं शाई सांडली," आणि दोघं हसले. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "नळ सोडून पोर टाकून तू गेलीस. त्यात आईची काय चूक?"  खरंच होतं ते.

रविवारी सकाळी मी चुलीपाशी होते. न्हाणीतून हसण्याचा आवाज आला म्हणून गेले. नवऱ्यानं पाणी काढलं होतं, विसण घातलं होतं, आणि आत्या पाटावर पाय लांब करून बसल्या होत्या. कुणी हाताला धरून बसवलेल्या नव्हत्या, आपल्या आपण बसलेल्या. कितीतरी दिवसांनी. त्यानं लेकीला त्यांच्या पायांवर ठेवलं. आत्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला दोन पावलं मागं जावंसं वाटलं. त्यांनी तांब्या भरला आणि सरळ पोरीच्या पाठीवर ओतायला उचलला. नडगीवर पहिलं पाणी घातलं नाही. आठवणच नव्हती त्यांना. सोमवारी आपल्याला कळत नाही हे तरी त्यांना कळत होतं. आज तेही नव्हतं. आज त्या नुसत्या आनंदात होत्या.

मी झडप घालून तांब्या हिसकावला. पाणी माझ्या हातावर सांडलं. कोमट होतं, अगदी बेताचं.

"याड लागलंय का तुला?" नवरा ओरडला. "मी सोता हात घालून बघितलंय पाणी!"

मी लेकीला त्यांच्या पायांवरून उचललं. "आजपासून हिची आंघोळ मी घालणार," मी म्हणाले. "आत्यांनी घालायची न्हाय. कधीच न्हाय."

आत्या आपल्या रिकाम्या पायांकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "माझं काय चुकलं गं?"

मी लेकीला घेऊन न्हाणीबाहेर आले. मी बरोबर होते, आणि बरोबर असण्याची इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

नोकरी मी सोडली. लेक सुखरूप वाढली. आज तिला दोन पोरं आहेत आणि तिला यातलं काही आठवत नाही. नवऱ्याला पटलं ते पुढच्या वर्षी, एका शनिवारी तो दारात उभा राहिला आणि आत्या भिंतीपासून उठल्या नाहीत तेव्हा. त्या दिवशी तो ओट्यावर बसून रडला आणि म्हणाला, आई आजपासून गेली.  मला ती कधी गेली ते ठाऊक होतं. त्या रविवारनंतर आत्यांना सकाळी उठवायला माझ्यापाशी काही उरलं नव्हतं. मी लसूण फोडून ठेवून बघितला, तांदूळ ठेवून बघितले, अक्कांना हाक मारायला लावली. त्या एकदा माझ्याकडं बघायच्या आणि पाय पोटाशी घेऊन बसून राहायच्या.